फेज (जिवाणूंना लागणारा व्हायरस) टाकून ईटीपीतला (सांडपाणी प्रक्रिया प्लांटमधला) फुगलेला गाळ बसेल का?

दिंडोरी_ईटीपी: वाईनरीचा प्लांट, रोजचा बीओडी (जिवाणूंना संपवायला लागणाऱ्या ऑक्सिजनवरून मोजलेली घाण) 50 किलोच्या आसपास. क्रशिंग (द्राक्षं चिरडणं) सुरू झाल्यापासून क्लॅरिफायरमधून (गाळ बसवायच्या टाकीतून) गाळ वाहतोय. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये 30 मिनिटांनी बसलेला गाळ 750 मिली, एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) लिटरला 3000 मिग्रॅ. एक विक्रेता 'व्हायरस कल्चर' देतोय, म्हणे ते प्रदूषकं खातं. टाकावं का?

गाळ_आणि_गणित: व्हायरस काही खात नाही, त्याला स्वतःचं चयापचयच नसतं. फेज जिवाणूत शिरतो, त्याच्याच जिवावर वाढतो आणि शेवटी त्याला फोडतो. आतला माल पाण्यात आल्यावर विरघळलेला सीओडी (रासायनिक चाचणीने मोजलेली घाण) उलट वाढतो. तो मग दुसरे जिवाणू संपवतात. काही फेज सल्फर किंवा फॉस्फरसशी संबंधित जनुकं सोबत नेतात, त्यामुळे संसर्गाच्या काळात जिवाणूचं काम बदलतं. पण बीओडी उतरवतो तो जिवाणूच. आणि एरेशन टँकमध्ये (हवा देतात त्या टाकीत) मिलीलिटरमागे कोट्यवधी फेज आधीपासून असतातच, विकत कशाला?

ओझरकर: गाळ फुगवणारे किंवा फेस करणारे तंतुमय जिवाणू फेजने मारण्याचे प्रयोग झालेत, स्फेरोटिलस आणि फेस करणाऱ्या गॉर्डोनियावर. पण फेज ठरावीक जातीलाच, बरेचदा ठरावीक स्ट्रेनलाच (पोटजातीलाच) लागतो. तुमच्या गाळात कोणता तंतू आहे हे न बघता विकणाऱ्याकडून घेऊ नका. घ्यायचंच असेल तर आधी दोन बादल्यांत तुमचाच गाळ हवा देत ठेवा. एकीत कल्चर, दुसरीत तेच उकळून गार केलेलं. फरक दिसला तरच पुढचं बोलणं.

गाळ_आणि_गणित: तुमचा एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो ते) 750 ÷ 3 = 250 आहे, म्हणजे फुगलाय. पण तंतूंमुळेच, असं नाही. द्राक्षाच्या पाण्यात साखर भरपूर, नत्र-स्फुरद तुटपुंजं. अशा उपासमारीत जिवाणू चिकट बुळबुळीत थरही सोडतात. गाळाच्या थेंबात काळी इंडिया इंक मिसळून मायक्रोस्कोपखाली बघा. शाई न शिरलेले मोठे पांढरे पट्टे दिसले तर तो थर. तिथे फेजही नको, तंतू मारायचं क्लोरीनही नको, खत द्या.

बीओडी : नत्र : स्फुरद 100 : 5 : 1 धरा. 50 किलोला 2.5 किलो नत्र, 0.5 किलो स्फुरद (शुद्ध P, खताच्या पोत्यावरचं P2O5 नव्हे). 2.5 किलो डीएपीत स्फुरद पूर्ण येतं आणि 0.45 किलो नत्रही. उरलेल्या नत्राला साडेचार किलो युरिया. इनलेटला आधीच असलेलं नत्र-स्फुरद मोजून यातून वजा करा. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला 2 मिग्रॅच्या खाली नको.

दिंडोरी_ईटीपी: खत सकाळी एकदम टाकलं तर चालेल?

ओझरकर: नको दादा, बरंचसं आउटलेटने निघून जातं. पाण्यात विरघळवून डोसिंग पंपाने दिवसभर सोडा. आणि नाशिकच्या तपोवन सांडपाणी केंद्राच्या यूएएसबीतला (हवेशिवाय चालणाऱ्या टाकीतला) गाळ आणून टाका, असंही कोणी सुचवेल. तो विनाहवेचा, एरेशनमध्ये फारसा कामाचा नाही. क्रशिंग संपलं की डोस बीओडीप्रमाणे उतरवा, नाहीतर आउटलेटला अमोनिया दिसू लागेल.