दोन लहान मुले आणि नोकरीचे तीन प्रस्ताव : नव्या परिचारिकेने काय निवडावे?

प्रश्न (ऐरोली)

नमस्कार. दोन्ही मुले झाल्यानंतर मी जीएनएमचा (परिचारिकेच्या पदविकेचा) अभ्यासक्रम पूर्ण केला. यंदा महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हाती आली असून ही माझी पहिलीच नोकरी असेल. मुलगी दुसरीत आहे आणि मुलगा चार वर्षांचा आहे. यजमान महापे येथील कंपनीत असून त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. सासूबाई दिवसा मुलांना सांभाळतात, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे रात्री त्यांच्यावर भार टाकणे मला योग्य वाटत नाही.

ठाण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाने अतिदक्षता विभागासाठी 22,500 रुपये देऊ केले आहेत; तेथे आठ तासांच्या फिरत्या पाळ्या आणि दोन वर्षांचा बॉण्ड (तेवढा काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे. घराजवळच्या तीस खाटांच्या प्रसूतिगृहात 17,000 रुपये आणि सकाळी आठ ते रात्री आठ अशी फक्त दिवसाची ड्युटी आहे. तिसरी जागा नागरी आरोग्य केंद्रातील, 20,000 रुपयांची, सकाळी नऊ ते दुपारी चारची, पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. घरातील सर्वांचा कल प्रसूतिगृहाकडे आहे, कारण ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि तेथे रात्रपाळी नाही.

उत्तर 1 (निवृत्त परिचारिका, ठाणे)

ताई, घरच्यांचा विचार समजतो, तरी आधी तासांचा हिशोब मांडा. महिन्याचे 26 दिवस धरले तर प्रसूतिगृहात तुम्ही 312 तास उभ्या राहणार, म्हणजे तासाला साधारण 54 रुपये. ठाण्यात 208 तासांना तासाला 108, आणि आरोग्य केंद्रात 182 तासांना जवळजवळ 110. शिवाय रात्री आठला सुटून हँडओव्हर देऊन (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून) घरी पोहोचेपर्यंत चार वर्षांचे मूल झोपलेले असते. रात्रपाळी नसली तरी मुलांची संध्याकाळ रोजच जाते, हे घरात कोणी मोजलेले दिसत नाही. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सुचवले होते. ती शिफारसच आहे, तरी 17,000 चा आकडा ऐकताना ती लक्षात असू द्यावी.

माझ्या मते पहिल्या वर्षी पगारापेक्षा शेजारी अनुभवी सिस्टर असणे महत्त्वाचे आहे. तेव्हा ठाण्यात आणि प्रसूतिगृहात विचारा की स्वतंत्रपणे रुग्ण सोपवण्यापूर्वी किती आठवडे कोणाच्या हाताखाली ठेवणार, आणि अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असते का. याला उत्तर देताना मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) चाचरल्या, तर तेथे जाऊ नका. आरोग्य केंद्रात लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी उत्तम शिकता येते, मात्र अत्यवस्थ रुग्णाची सवय होत नाही. पुढे मोठ्या रुग्णालयात जायचे असेल तर ती उणीव जाणवते.

उत्तर 2 (मनुष्यबळ विभागातील नोकरदार, वाशी)

मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही परिस्थितीत जमा करू नका. पडताळणीसाठी दाखवून लगेच परत घ्या. बॉण्ड मोडल्यास कागदावरची संपूर्ण रक्कम आपोआप द्यावी लागते असे नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 वाजवी भरपाईपुरतेच बोलते, आणि छापील रकमेकडे ते कमाल मर्यादा म्हणून पाहते.

दुसरा मुद्दा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा. ही योजना 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू आहे. प्रसूतिगृहाची नोंदणी असेल तर 0.75 टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे 128 रुपये कापून मुलांवरही उपचार होतात. ठाण्याचा पगार त्या मर्यादेच्या वर असल्यामुळे तेथील गटविम्यात मुले धरली आहेत का, हे लेखी विचारावे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले. ते संध्याकाळच्या पाळीत उघडे असते का, हेही पाहा.

उत्तर 3 (परिचारिका, घणसोली)

माझ्या पहिल्या नोकरीत महिन्याला चार रात्री, असे तोंडी सांगितले होते. दोघीजणी सोडून गेल्या आणि दुसऱ्याच महिन्यात माझ्या नावावर अकरा रात्री लागल्या. म्हणून मागील दोन महिन्यांची ड्युटी लिस्ट दाखवा, असे स्पष्टपणे म्हणा. रात्रपाळीनंतर घरी आल्यावर मुलीला शाळेत सोडून मग झोपायला किती तास मिळतात, हेही मोजा. ऐरोली ते ठाणे गाडीचा प्रवास छोटा आहे, मध्ये फक्त दिघा गाव स्थानक लागते; खरा वेळ ठाण्याच्या पुलावरच्या गर्दीत जातो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज ठाण्याला जाऊन आले. मेट्रननी ड्युटी लिस्ट दाखवली. दोन्ही महिन्यांत प्रत्येकीला सहा किंवा सात रात्री आहेत. पहिले तीन महिने रात्रपाळी देणार नाहीत आणि नंतर यजमानांच्या दिवसपाळीच्या आठवड्यातच देण्याचा प्रयत्न करतील, असे त्या म्हणाल्या. हे पत्रात लिहून द्यावे अशी विनंती केली आहे; उत्तर शुक्रवारी येईल. आरोग्य केंद्राला मात्र गुरुवारीच कळवायचे आहे, त्यामुळे एक दिवसाची मुदत मागण्यासाठी उद्या सकाळी तेथे जाणार आहे. प्रसूतिगृहाला नकार कळवला आहे.