मदत हवी आहे: कुर्डीच्या अंगणातला जुना फोटो, आजीच्या मांडीवरचं बाळ कोण?

नमस्कार मंडळी,

आमचं मूळ गाव गोव्यातलं कुर्डी, सांगे तालुका. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हटलं की बाहेरच्यांनाही ओळख पटते. साळावली धरणात ते बुडालं. १९८६च्या सुमारास गाव उठलं, आम्ही वाडेला आलो, काही घरं वालकिणीला गेली. येताना बाबांनी पत्र्याची एक ट्रंक आणली होती. बाबा गेल्यावर गेल्या चतुर्थीला मी ती उघडली. आत सदतीस फोटो निघाले. लग्नं, मुंजी, मळणी, कुळागरात सुपारी सोलत बसलेल्या बायका.

त्यातल्या एका फोटोसाठी हा धागा काढतेय.

फोटो लहान आहे, ६ बाय ९ सेंटिमीटर, कडा कातरलेल्या. आमचं अंगण, मधोमध तुळशीवृंदावन, मागे घराचं दार. आजी पाटावर बसलीय, मांडीवर वर्षाच्या आतबाहेरचं बाळ, त्याच्या पायात वाळे. आजोबा कोट घालून बाजूला उभे. वृंदावनाच्या चौथऱ्याचा एक कोपरा फुटलेला आहे आणि त्या खळग्यात कुणीतरी पणती ठेवलीय, विझलेली. फोटोच्या उजव्या कडेला फणसाचं झाड, बुंध्याला लागलेले दोन फणससुद्धा दिसतात. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही.

घरात सगळे म्हणतात, बाळ म्हणजे बाबा. बाबांचा जन्म १९५१चा. पण आत्याला दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो तुजो बापूय न्हय. हो आमचो बाबू."

बाबू म्हणजे बाबांच्या आधीचा भाऊ, तिसऱ्या वर्षी तापाने गेला. त्याचा एकही फोटो घरात नाही, निदान आम्ही तसं समजत होतो.

आत्या ऐंशी ओलांडलेली आहे. तिचा आधार तो फणस. ती सांगते, विहिरीजवळचा फणस बाबा जन्मायच्या आधीच्या वावटळीत पडला. म्हणजे झाड उभं असेल तर बाळ बाबा असूच शकत नाही. पण चुलतभावाने लगेच अडवलं: घराकडे तोंड करून उभं राहिलं की विहीर डावीकडे, आणि फोटोत फणस उजवीकडे आहे. उजवीकडे मांगराजवळही (शेतीसामानाच्या खोपटाजवळ) एक फणस होता, तो गाव बुडेपर्यंत होता. म्हणजे आत्या दोन झाडांत गोंधळ करतेय, असं त्याचं म्हणणं. आत्या फोटोत असती तर तिच्या उंचीवरून वर्ष कळलं असतं. पण ती कॅमेऱ्याला घाबरून दाराआड लपली होती. फोटोत ते दार नुसतं काळं दिसतं.

घरच्या ग्रुपवर फोटोखाली बाबांचं नाव घालून टाकायचं ठरतंय. मला ते घाईचं वाटतं. चुकीचं नाव एकदा पडलं की पोरंबाळं तेच पुढे नेतील आणि बाबू दुसऱ्यांदा जाईल. काही खूण कळत असेल तर कृपया सांगा.

दुसरी अडचण: आजी-आजोबांचा लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, कोपऱ्यांवर बुरशी. ओढून काढावा का?

प्रतिसाद १

ताई, आधी दुसऱ्याचं उत्तर: ओढू नका! ब्लेड, गरम पाणी, हेअर ड्रायर, काहीच नको. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, आपल्या पावसाळ्यात तो ओल धरून मऊ होतो आणि काचेला बसतो. ओढलात तर चेहरे काचेवर राहतील. फ्रेमचा मागचा पुठ्ठा काढा आणि फोटो काचेसकट स्कॅन करा, ६०० डीपीआयला. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुन्हा फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला, म्हणजे काच टेकणार नाही. आणि लॅमिनेशनच्या दुकानात अजिबात जाऊ नका. आमच्या घरचे चार फोटो त्यातच कायमचे गेले.

मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनची खोच पुढून दिसते.

प्रतिसाद २

६ बाय ९ म्हणजे बॉक्स कॅमेरा. १२० नंबरच्या फिल्मवर तेवढीच निगेटिव्ह यायची आणि ती कागदावर टेकवून तशीच छापायचे, मोठी न करता. कातरलेल्या कडाही त्याच काळातल्या. पण १९४८ की ५२ हे कागदावरून ठरणार नाही.

एक मात्र बघा. निगेटिव्ह कागदावर उलटी पडली तर चित्र आरशातल्यासारखं छापलं जातं, डावं-उजवं बदलतं. थोडं पुसटही येतं, कारण चित्राचा थर कागदाला न टेकता फिल्मच्या जाडीइतका वर राहतो. घाईत छापणाऱ्याकडून हे व्हायचं. आजोबांच्या कोटाचा वरचा खिसा कुठल्या बाजूला आहे? आजींची नथ? खिसा त्यांच्या डाव्या छातीवर हवा, नथ डाव्या नाकपुडीत.

धागालेखिका

दादा, तुमचं वाचलं आणि भिंग घेऊन बसले. हात थरथरत होता.

कोटाचा खिसा आजोबांच्या उजव्या बाजूला आहे. बटणांची पट्टीही उलटी. आजीची नथ उजव्या नाकपुडीत दिसते, आणि काचेला चिकटलेल्या लग्नाच्या फोटोत ती डावीकडे आहे. पदरही उजव्या खांद्यावर! इतके महिने बघतेय, हे एकदाही लक्षात आलं नव्हतं.

मोबाइलवर फोटो उलटा केला. फणस डावीकडे गेला, विहिरीच्या बाजूला.

चुलतभावाला पाठवला. त्याचा फोन आला, पण बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, आत्याला तूच सांग.

प्रतिसाद ३

मी कुर्डीचाच, आता वालकिणीला. मे महिन्यात पाणी उतरलं की आम्ही सोमेश्वराकडे जमतो, तेव्हा या. ख्रिश्चन शेजारी त्यांच्या चॅपेलच्या फेस्ताला येतात. जोती अजून ओळखू येतात, चिरे जागेवर आहेत. काही घरांची वृंदावनं उभी आहेत. फोटोची मोठी प्रत आणा, म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवर दिसत नाही. तुमच्या शेजारच्या घरांतही त्याच दिवशी काढलेले फोटो असू शकतील. फोटो काढणारा एका घरासाठी एवढ्या लांब आला नसणार.

धागालेखिका

नक्की येते. दोन्ही प्रती आणते, छापली गेली तशी आणि सुलट केलेली. चौथऱ्याचा तो फुटका कोपरा सापडला तर विहिरीपर्यंत पावलं मोजून बघायचीत.

आत्याला काल दाखवला. सुलट फोटोकडे तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हांव सांगतालें न्हय?" मग डाव्या बाजूच्या काळ्या दारावर बोट ठेवलं: "आनी हांव हांगा."

फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलने लिहिलंय: आजी, आजोबा, बाबू. दारामागे आत्या.

कुर्डीतल्या कुणाकडे त्याच दिवसाचा, ६ बाय ९चा, कातरलेल्या कडांचा फोटो असेल तर कृपया इथे कळवा. खिसा आणि नथ कुठल्या बाजूला आहे तेही बघा.