मदत हवी आहे : मुलाच्या अंगठ्यात बांबूचं कुसळ रुतलंय, टोक तुटलंय. काढू की थांबू?

परवा संध्याकाळी घरी आकाशकंदील करायला घेतला. ह्यांनी कोयत्याने बांबू चिरून कामट्या काढल्या. त्या तासून व्हायच्या आतच आमच्या सात वर्षांच्या मुलाने एक उचलली आणि मुठीतून सर्रकन ओढली. डाव्या अंगठ्याच्या पेरात कुसळ तिरकं घुसलं. केसाएवढं टोक बाहेर दिसत होतं. मी घाबरून भुवयांच्या प्लकरने ते धरलं आणि सरळ वर उपसलं. तेवढंच तुटून हातात आलं, बाकीचं कातडीखाली राहिलं. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

आता कातडीखाली करडी रेघ दिसते, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. दाबलं की कळवळतो, एरवी विसरून खेळतो. भोवती किंचित लाल आहे. पू नाही, ताप नाही, अंगठा पूर्ण वाकतो. काल कुणीतरी सांगितलं म्हणून अर्धा तास कोमट पाण्यात बोट बुडवून ठेवलं, तर कातडी पांढरी पडली आणि रेघ उलट धूसर झाली.

घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणतात बिब्बा तापवून एक ठिपका दे, काटा वर येतो. त्यांचा जन्म उसाच्या शेतात गेला, पायात बाभळीचे काटे किती मोडले याची गणती नाही, त्यामुळे त्यांचं बोलणं मी उडवून लावत नाही. पण बिब्बा लहान मुलाला? शेजारच्या काकू गूळ-चुना बांध म्हणतात. ह्यांचं म्हणणं, राहू दे, आपोआप बाहेर येईल. आणि पोरगा सुई दिसली की अंगठा मुठीत दडवून पळतो.

आम्ही कराडजवळच्या खेड्यात राहतो. गावातला दवाखाना भाऊबीजेपर्यंत बंद आहे. कराडला नेता येईल, पण घरी जमण्यासारखं असेल तर आधी करून बघावं असं वाटतं. सुई गॅसवर लाल केली की चालते का? धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का? पाच वर्षांचा झाल्यावरचा बूस्टर झालाय, कार्डावर नोंद आहे. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे घरी निघण्यासारखं वाटतं. पू नाही, सांधा मोकळा आहे आणि कुसळ दिसतंय, या तीन गोष्टी महत्त्वाच्या.

थांबू नका. केसासारखं बारीक, वरवरचं, न दुखणारं कुसळ कातडीच्या झडण्याबरोबर निघून जातं, तेवढ्यापुरतं तुमच्या ह्यांचं बरोबर आहे. पण लाकूड, बांबू, काटा ही झाडाची वस्तू. काचेपेक्षा यांनी आत जास्त दाह होतो आणि जंतूही आत जातात. दोन दिवसांनी लाल असेल आणि दाबल्यावर दुखत असेल तर काढलेलं बरं.

पाण्यात भिजवणं मात्र बंद करा. लाकूड पाणी पिऊन फुगतं, मऊ पडतं आणि ओढताना त्याचे तुकडे होतात. आज बोट कोरडं राहू द्या, रेघ पुन्हा स्पष्ट दिसेल. दोन्ही बाजूंनी दाबून बाहेर ढकलायचा प्रयत्नही करू नका, त्यानेही आत तुकडे पडतात.

सुई मेडिकलमधून इंजेक्शनची, पाकीटबंद आणा. ती निर्जंतुक असते आणि शिवणाच्या सुईपेक्षा धारदार. गॅसवर लाल केलेल्या सुईला काजळी धरते आणि ती जखमेत जाते. घरचीच सुई वापरायची वेळ आली तर स्पिरिटने पुसून वाळू द्या. प्लकरलाही तेच. तुमचे हात आणि त्याचा अंगठा साबणाने धुवा, पुसून कोरडे करा.

आता मुख्य काम. दिवसा, खिडकीच्या उजेडात बसा. आधी कापडात बर्फ गुंडाळून दोन-तीन मिनिटं धरा म्हणजे बधिर होईल. सुई उभी खुपसायची नाही. कातडीला जवळजवळ समांतर धरा आणि जिथून कुसळ शिरलं त्या तोंडापासून रेघेवरची वरची पातळ कातडी उचलत उघडा. हा थर मेलेला असतो, रक्त येत नाही, फारसं दुखतही नाही. टोक मोकळं झालं की प्लकरने अगदी मुळाशी धरा आणि ज्या तिरक्या वाटेने गेलं त्याच वाटेने मागे ओढा. परवा ते तुटलं ते सरळ वर ओढल्यामुळे. बहुतेकांचं हेच होतं, मनाला लावून घेऊ नका.

दहा मिनिटांत नाही निघालं तर सोडून द्या आणि कराडला जा. खणत बसू नका. निघालं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा, पट्टी बांधा. पुढचे दोन-तीन दिवस लाली पसरते का, ठणकतं का, लाल रेघ मनगटाकडे चढते का, ताप येतो का ते बघा. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. बूस्टर होऊन दोनच वर्षं झाली आहेत, धनुर्वातासाठी वेगळं इंजेक्शन लागू नये. तरी डॉक्टरांकडे गेलात तर कार्ड बरोबर न्या.

प्रतिसाद

बिब्ब्याबद्दल कळकळीने सांगतो, नका लावू. आमच्या वडिलांच्या टाचेत काटा मोडला होता. आईने वर्षानुवर्षांच्या सवयीने बिब्बा लावला. तो उतला, घोट्यापर्यंत फोड आले. वडिलांना साखर आहे, पायाला संवेदना कमी, त्यामुळे आतला काटा कुणाला कळलाच नाही. एक्सरेत काही दिसलं नाही, कारण लाकूड आणि काटा एक्सरेत सहसा दिसत नाही. शेवटी सोनोग्राफीत सापडला. जखम भरायला चार महिने लागले. तुमच्या सासूबाईंना साखर असेल तर त्यांच्या पायालाही हेच सांगा : घरी कोरायचं नाही, थेट डॉक्टर.

उसाची बारीक कूस हाताला लागते तिचं वेगळं. त्यावर चिकटपट्टी दाबून उलट दिशेने काढली की बरीचशी निघते. तुमच्या कुसळाला त्याचा उपयोग नाही, ते पूर्ण आत आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

निघालं! दोघांचेही मनापासून आभार.

आज सकाळपर्यंत बोट कोरडं ठेवलं, रेघ खरंच ठळक झाली. गच्चीवर उन्हात बसलो. मुलाला सासूबाईंनी मांडीवर घेतलं आणि त्यांच्या लहानपणी त्यांची आजी बाभळीच्या काट्यानेच काटा कसा काढायची ते सांगत राहिल्या. त्या नादात त्याने मूठ उघडली. वरची कातडी उचलायला मला पाच मिनिटं लागली, हात थरथरत होते. टोक दिसल्यावर तिरकं धरून ओढलं, अख्खं आलं. त्याने ते काडेपेटीत जपून ठेवलंय, मित्रांना दाखवायला.

बिब्ब्याचं वाचून दाखवल्यावर सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, माझी टाच पण महिनाभर टोचतेय गं. त्यांना साखर आहे. उद्या त्यांनाच घेऊन कराडला जातेय. सोनोग्राफीचं विचारते.