मदत हवी आहे: डेकच्या फळ्या कुजल्यात, खालचे वासेही बदलावेत का?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो. परसात बाबांनी हौसेनं करून घेतलेला जुना लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, आहे. यंदाच्या पावसात पायरीजवळच्या पाच फळ्या पार गेल्या. स्क्रूड्रायव्हर टोचला की अर्धा इंच आत जातो आणि ओला भुसा बाहेर येतो. खालचे वासे टणक लागतात, पण स्क्रूच्या भोकांभोवती काळे पडलेत. तेवढं तासून चालेल की वासेच बदलू? फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या होत्या, त्यामुळे पाणी तिथंच मुरलं. आता 5 मिमी फट ठेवणार आहे. लाकूड सागवान घेऊ की मत्ती, म्हणजे आपला ऐन? स्टेनलेस स्टीलचे 304 ग्रेडचे स्क्रू पुरतील की गंजाला जास्त टिकणारे 316 च हवेत? बाबा रोज संध्याकाळी तिथंच बसतात, म्हणून दिवाळीआधी उरकायचंय. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.