थेरेमिन फक्त भुताच्या सिनेमापुरतंच का राहिलं? आणि गाणं शिकणाऱ्याने शिकावं का?

कोमल_निषाद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. यूट्यूबवर क्लारा रॉकमोर यांनी थेरेमिनवर वाजवलेलं सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराचं 'द स्वान' ऐकलं. आधी वाटलं चेलो आहे, मग वाटलं कुणीतरी तोंड मिटून गातंय, आणि स्क्रीनकडे बघितलं तर बाई एका लाकडी पेटीसमोर नुसत्या उभ्या, दोन्ही हात हवेत, कशालाच स्पर्श नाही. त्यानंतर इतर व्हिडिओ शोधले तर निम्म्याहून जास्त ठिकाणी उडत्या तबकड्या नाहीतर भुतं. इलेक्ट्रिक गिटारच्याही आधीचं वाद्य आहे हे, मीड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तर अशी येते की आपल्या गाण्यासाठीच बनवलंय असं वाटावं, मग मैफिलीत का दिसत नाही? मी गाणं शिकतेय, घरी पेटी आणि तानपुरा आहे, हे शिकायला घ्यावं का, खरंच कुणी वाजवलं असेल तर सांगा. आणि स्पर्श न करता सूर बदलतो कसा तेही जरा सोप्या भाषेत.

जुना_रेडिओवाला

शेवटच्या प्रश्नापासून घेतो, तो माझ्या धंद्यातला. आत दोन ऑसिलेटर (विजेची कंपनं तयार करणारी सर्किट) असतात, दोन्ही इतके वरच्या फ्रिक्वेन्सीचे की कानाला ऐकूच येत नाहीत. समजा एक कायम 3,00,000 हर्ट्झवर आहे. दुसरा उभ्या अँटेनाला जोडलेला, तुमचा हात जवळ आला की तुमचं शरीर आणि अँटेना मिळून एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) होतो, त्याची साठवण्याची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, वाढला की तो ऑसिलेटर किंचित खाली येतो, समजा 2,99,560 वर. दोघांमधला फरक 440, तो स्पीकरवर ऐकू येतो. हात आणखी जवळ नेला की फरक वाढतो, सूर चढतो. डाव्या हाताला आडवी कडी असते ती आवाजाची, हात वर उचलला की आवाज मोठा, कडीजवळ आणला की बंद.

आणि हे कुणी वाद्य बनवायचं म्हणून बनवलेलं नाही हं. रशियन शास्त्रज्ञ लेव तेरमेन पेट्रोग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) भौतिकशास्त्राच्या संस्थेत वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण तयार करत होते, 1920 च्या आसपासची गोष्ट, रीडिंग ऐकू यावं म्हणून आवाजाची सोय केली आणि लक्षात आलं की हात हलवला की सूर बदलतोय. ते स्वतः चेलो वाजवायचे म्हणून त्यांना त्यात चाल सापडली, दुसरा कुणी असता तर बिघाड समजून दुरुस्त करत बसला असता. 1922 मध्ये लेनिनला वाजवून दाखवलं, मग युरोप, मग अमेरिका. 1929 मध्ये आरसीए कंपनीने बाजारात आणलं, ज्याला गुणगुणता येतं त्याला हे वाजवता येईल अशा थाटाची जाहिरात केली, आणि साधारण 500 नग बनवून प्रकरण थांबलं. मंदी आलीच होती, पण खरं कारण लोकांनी घरी नेऊन हात फिरवून बघितल्यावर कळलं असणार.

शेजारचा_पक्या

'नागिन' मधली बीन म्हणजे हेच ना? आमचे काका तर छातीठोकपणे सांगतात. आणि ते बीच बॉइजचं 'गुड व्हायब्रेशन्स', स्टार ट्रेकची धून वगैरे पण थेरेमिनच ना?

जुना_रेडिओवाला

@पक्या नाही रे, तिन्ही नाहीत. 1954 च्या 'नागिन' मध्ये कल्याणजींनी वाजवलेलं ते क्लॅव्हिओलिन, त्याला पट्ट्या असतात. 'गुड व्हायब्रेशन्स' मध्ये पॉल टॅनर यांचं इलेक्ट्रो-थेरेमिन आहे, त्यात सरकपट्टी हलवून सूर लावतात, हवेत काही नाही. आणि मूळ स्टार ट्रेकच्या धुनेत चक्क एका गायिकेचा आवाज आहे. काकांना सांग, रागावणार नाहीत.

गजकरी

मी व्हायोलिनवाली, थेरेमिन एका मित्राकडे बऱ्यापैकी वाजवलंय, त्यामुळे कोमलताई तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते.

सिनेमाने या वाद्याला मोठं केलं आणि त्यातच अडकवलं असं माझं स्पष्ट मत आहे. 1945 मध्ये हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड' ला मिक्लोश रोझा यांनी नायकाच्या बिघडलेल्या मनासाठी थेरेमिन वापरलं, त्या संगीताला ऑस्कर मिळालं, 1951 च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' मध्ये बर्नार्ड हरमन यांनी दोन दोन थेरेमिन घेतली, आणि मग परग्रहावरून कुणी आलं की हाच आवाज हे ठरूनच गेलं. या दोन्ही सिनेमांत वाजवणारे सॅम्युएल हॉफमन पेशाने पायाचे डॉक्टर होते, वादक उत्तम, त्यांना दोष नाही. पण एकदा कानाला सवय लागली की लोक सूर ऐकत नाहीत, भूत ऐकतात.

क्लाराबाईंनी याला आयुष्यभर विरोध केला. त्या मूळच्या व्हायोलिनच्या, अगदी लहानपणापासून तयार झालेल्या, हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावं लागलं, मग थेरेमिन धरलं. उजव्या हाताची बोटं मिटत उघडत सूर लावायची पद्धत त्यांनी बसवली, म्हणजे तळहात तिथेच ठेवून नुसतं करंगळीकडचं बोट पुढे टाकलं की पुढचा सूर, त्यामुळे मध्ये घसरण ऐकू येत नाही. तेरमेन यांनी त्यांच्यासाठी वेगळं वाद्य बनवलं, तीनऐवजी पाच सप्तकांचं, आणि डावा हात झटकन आवाज तोडू शकेल असं. वाजवताना त्या डोकंसुद्धा हलवत नसत, कारण अख्खं शरीर त्या कपॅसिटरचा भाग असतं, मान डोलावली की सूर गेला. एवढं करूनही त्यांचा पहिला अल्बम आला 1977 मध्ये! तो रॉबर्ट मूग यांच्या पुढाकाराने, ज्यांनी सिंथेसायझर बनवायच्या आधी थेरेमिनचीच किट विकली होती.

आता आपलं संगीत. मीड फुकट मिळते हे खरं, आणि तिथेच सगळे फसतात. कठीण आहे तो खडा सूर. तुम्ही ऐकाल तर बहुतेक थेरेमिनवादक सतत कंप देत असतात, तो सौंदर्यासाठी असतो तसाच सूर नेमका कुठे आहे ते झाकण्यासाठीही असतो. आपल्याकडे तानपुऱ्यासमोर षड्ज लावून नुसतं उभं राहायचं असतं, कंप न देता, तो या वाद्यावर श्वास घेतानासुद्धा हलतो. व्हायोलिनला निदान बोटाखाली तार असते, इथे हाताला काहीच लागत नाही, फक्त कान. तानांचं तर विसराच, निदान सुरुवातीची काही वर्षं. पण आलाप, विलंबित, दरबारी रागाचा हळूच झुलणारा गंधार, हे मन लावून केलं तर काय होईल या कल्पनेने मला अजून झोप येत नाही. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती ती पेटीला मीड येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) येत नाहीत म्हणून ना? ज्या वाद्याला दोन्ही येतं ते तेव्हाही होतं, फक्त आपल्या कुणाच्या हातात नव्हतं.

शेजारचा_पक्या

ताई, पण 100 वर्षं झाली की. इतक्या वर्षांत जमलं नाही म्हणजे वाद्यातच काहीतरी कमी असेल ना. टोन पण एकसुरी वाटतो मला, सतारीच्या तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा) वगैरे काही नाही त्याच्यात.

गजकरी

टोनबद्दल थोडं मान्य, पण रॅकमनिनॉफचं 'व्होकलाइज' क्लाराबाईंचंच ऐक हेडफोन लावून, खालच्या सप्तकात आवाज कसा भरतो ते बघ आणि मग बोल. जमलं नाही असंही नाही. लिडिया काविना, तेरमेन यांच्या नात्यातली, त्यांच्याकडेच लहानपणी शिकली. जर्मनीची कॅरोलिना आयक, तिच्यासाठी फिनलंडच्या कालेवी आहो यांनी 2011 मध्ये थेरेमिन आणि ऑर्केस्ट्राचा अख्खा कॉन्चेर्टो (एका मुख्य वाद्याला ऑर्केस्ट्राची साथ अशी रचना) लिहिला. कमी आहेत ते शिक्षक. कुठल्याही वाद्याची तालीम द्यायला कुणी नसेल तर ते वाद्य अवघडच राहणार, आणि तेरमेन 1938 मध्ये रशियात परतले ते थेट अटकेत, कोलिमाच्या श्रमछावणीत, मग सरकारसाठी गुप्त उपकरणं बनवायला बसवले. गुरूच गेला तिथून.

कोमल_निषाद

तेरमेन यांचं हे माहीतच नव्हतं, वाचून वाईट वाटलं. गजकरीताई, खडा सूर वाचून भीती वाटली पण ठरवलंय, घेणार. रेडिओवाले काका, कुठलं घेऊ आणि घरात कुठे ठेवू? फ्लॅट लहान आहे.

जुना_रेडिओवाला

अॅनालॉग घ्या. मूगचं थेरेमिनी हे डिजिटल, त्यात सूर आपोआप दुरुस्त करायची सोय आहे, ते घेतलंत तर ती सोय पूर्ण बंद करून शिका, नाहीतर मीडच्या पायऱ्या होतील आणि तुमचा कान आळशी होईल. लोखंडी कपाट, पंख्याखालची जागा, लोक ये-जा करतात तो पॅसेज, हे टाळा, तुमच्या सभोवती हातभर तरी मोकळं हवं. अर्थिंग नीट असलेला प्लग बघा, तो नसेल तर सूर दर वेळी वेगळ्या जागी सापडेल. स्पीकर आपल्या पाठीमागे, कानाच्या उंचीला, म्हणजे सूर लगेच कळतो. पिचचा नॉब असा लावा की हात आपल्या खांद्यापाशी मागे नेला की सूर खाली उतरत उतरत बंद पडेल. अँटेनाजवळ सूर फार दाटीने येतात तिकडे जाऊच नका, मधल्या भागात सा ते प एवढंच घ्या, तानपुरा चालू ठेवून, आणि तेवढा वेळ घरच्यांना त्या खोलीत येऊ नका म्हणून सांगा.