शेवटचा शब्द कुणाचा?

"फुटबॉल संचालक (खेळाडू-प्रशिक्षक निवडीचं काम बघणारा अधिकारी) नेमला की मँचेस्टर युनायटेडची गाडी रुळावर येईल" असं म्हटलं जातं, ते पटत नाही. नेमून झालंय की! मार्च 2021 मध्ये जॉन मर्टो यांना हे पद दिलं. 2024 मध्ये डॅन अ‍ॅशवर्थना न्यूकॅसल क्लबकडून भरपाई मोजून आणलं; जुलैत रुजू, डिसेंबरात बाहेर. मधल्या काळात प्रशिक्षक टेन हाग यांचा करार जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांनाच काढलं. (त्याचीही भरपाई वेगळी.)

मुद्दा अधिकाराचा आहे. तेव्हा वर सहमालक सर जिम रॅटक्लिफ, मुख्य कार्यकारी ओमर बेराडा, खाली तांत्रिक संचालक जेसन विल्कॉक्स. यात अ‍ॅशवर्थचा 'नाही' कुणी ऐकणार होतं का?

लिव्हरपूल बघा. मायकल एडवर्ड्स 2016 मध्ये क्रीडा संचालक (म्हणजे तेच पद) झाले ते आतूनच वर चढून, विश्लेषण विभागातून. पुढच्याच वर्षी आघाडीचा खेळाडू सालाह आला, आणि त्याच्यासाठी प्रशिक्षक क्लॉपची समजूत काढली ती एडवर्ड्स आणि त्यांच्या मंडळींनी. प्रशिक्षकाला पटवता येतं, कारण मालक पाठीशी असतात. 2024 मध्ये एडवर्ड्स मालक कंपनीत परतले, रिचर्ड ह्यूजेसना क्रीडा संचालक केलं, मग क्लॉपच्या जागी प्रशिक्षक स्लॉट आले. पहिल्याच मोसमात लीग जिंकली. संघ क्लॉपचाच होता, हे मात्र मान्य.