केरसुणी आकाशातली
'छू ज्यौ बू शिन' (जुनं झाडून नवं मांडणं) हा चिनी वाक्प्रचार म्हणजे आपली दिवाळीआधीची साफसफाई, असं कुणी कुणी सांगतं. अर्थाने ठीक, चिनी नववर्षाच्या झाडझुडीला हे शब्द हमखास वापरतात. पण यातली केरसुणी मुळात आकाशातली! 'ज्वो च्वान' या जुन्या इतिहासग्रंथात इ.स.पू. ५२५ च्या नोंदीत धूमकेतू दिसतो, तेव्हा एक अधिकारी म्हणतो, जुनं झाडून नवं मांडायचं हे याचं काम. चिनीत धूमकेतू म्हणजे 'केरसुणी-तारा' (आपल्या शेंडेनक्षत्रापेक्षा मला हे जास्त आवडलं).

आणि प्रसंग सणाचा नव्हताच. लगेच तो आगींचं भाकीत करतो, अन् त्याच ग्रंथाप्रमाणे पुढच्या वर्षी चार राज्यांत आगी लागल्या. आता हेच शब्द शुभेच्छापत्रांवर असतात.